जुळलेली रेषा

एकदा एक वृद्ध विदुषी होत्या. गोष्टींतले ज्ञानी लोक नदीकाठी झाडाखाली बसतात असं सांगायची पद्धत आहे. ह्या मात्र डिझेलच्या वासात बसत. सगळे त्यांना बाई म्हणत. इंजिनाच्या पोटात इंधन कसं जळतं, ते संगणकावर गणित मांडून पाहण्याची विद्या त्या शिकवत. ज्ञान फक्त अगरबत्तीच्या धुरातच सापडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबावं. माझी हरकत नाही.

सिलिंडरच्या आत डोळा घालून आग बघता येत नाही. म्हणून आतल्या पोकळीचे संगणकात बारीक कप्पे पाडायचे, आणि प्रत्येक कप्प्यात हवा किती, इंधनाचे थेंब किती, ताप किती, हा हिशेब क्षणाक्षणाला करत जायचा. त्यातून दाबाची एक रेषा निघते. ती चढते, शिखर गाठते, उतरते. मग खऱ्या इंजिनावर मोजलेली रेषा तिच्याशेजारी ठेवायची. जुळल्या तर गणित खरं, असं मानतात.

मात्र ह्या गणितात काही आकडे ठामपणे कुणालाच ठाऊक नसतात. थेंब किती लवकर फुटतो, सिलिंडरची भिंत किती उष्णता ओढते, हे तारतम्याने ठरवावं लागतं. तंबोऱ्याच्या खुंट्याच म्हणा. बाईंचा एक शिष्य ह्या खुंट्या पिळण्यात मोठा वाकबगार होता. कुठलीही रेषा द्या, संध्याकाळपर्यंत त्याची रेषा तिच्यावर जाऊन बसलेली. हुशारच होता तो. आणि ते त्याला फार लवकर कळलं होतं.

एके दिवशी बंदरावरचा एक कारखानदार बाईंकडे आला. मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं तो करी. नव्या घडणीचा पिस्टन त्याला ओतून घ्यायचा होता.

"तुमच्या शिष्याचं गणित हो म्हणालं की ओतकाम सुरू," तो म्हणाला. "आणि मग हा मुलगा माझ्याकडे. कायमचा."

शिष्य सावरून बसला. बाईंनी विचारलं, "आणि गणित चुकलं तर?"

"तर काय, पिस्टन जळेल."

"कुठे जळेल, शेठ?"

"समुद्रात," कारखानदार हळू आवाजात म्हणाला.

"मग आधी जुन्या पिस्टनवर ह्याची परीक्षा घेऊ," बाई म्हणाल्या आणि शिष्याला त्यांनी चहा सांगायला पाठवलं.

तो गेल्यावर बाई परीक्षेसाठी ठेवलेल्या इंजिनापाशी गेल्या. इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या टोकाला एक चकती असते. पिस्टन आत्ता कुठे आहे, ते ती सांगते, आणि दाबाची रेषा तिच्याच हिशेबाने काढतात. बाईंनी तिचा स्क्रू सैल केला, चकती केसभर फिरवली आणि स्क्रू पुन्हा आवळला.

"अहो बाई, हे काय?" कारखानदार उठलाच. "चालतं घड्याळ मुद्दाम चुकवताय."

"बसा. चहा येतोय."

मग इंजिन चालवलं. चुकीच्या चकतीने मोजलेली चुकीची रेषा शिष्याच्या हाती दिली. कारखानदाराला वाटलं, वयाचा परिणाम. बाई म्हातारी झाली की तिच्या प्रत्येक कृतीला लोकांना हेच कारण सापडतं.

दुसऱ्या दिवशी शिष्य हसत आला. दोन्ही रेषा एकीवर एक. मध्ये बोट शिरणार नाही.

"छान," बाई म्हणाल्या. "भिंत किती उष्णता घेतेय तुझ्या गणितात?"

"जरा जास्त."

"जरा म्हणजे?"

"जवळपास दुप्पट."

"आणि इंधन पेटतं कधी?"

"थोडं उशिरा धरावं लागलं."

"हे शक्य आहे?"

"रेषा जुळली ना, बाई."

बाईंनी त्याला इंजिनापाशी नेलं आणि चकती दाखवली. त्याचा चेहरा उतरला. मग त्या बोलल्या, फार नाही.

"नुसती हवा दाबली, इंधन घातलंच नाही, तर दाबाचं शिखर पिस्टन सिलिंडरच्या माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी येतं. नंतर कधीच नाही. एकदा इंधन बंद ठेवून बघितलं असतंस तर इंजिन स्वतः ओरडून सांगणार होतं, की माझी चकती चुकलीय. तू त्याला बोलू दिलं नाहीस. खोट्या रेषेलाही जे गणित हो म्हणतं, त्याच्या होकाराला किंमत काय? गणित अडतं तिथे ते तुझ्याशी बोलत असतं, बाळ. तू दर वेळी त्याचं तोंड दाबतोस."

मग शिष्यानेच स्क्रू सोडला आणि चकती जागेवर आणली.

पुढच्या आठवड्यात नव्या पिस्टनचा नमुना आला. ह्या वेळी शिष्याने आपली रेषा आधी छापली, भिंतीवर चिकटवली, आणि मगच इंजिन चालू करायला सांगितलं. हलक्या भाराला दोन्ही रेषा जवळ आल्या. पूर्ण भाराला मोजलेली रेषा खाली राहिली. शिष्याचा हात सवयीने संगणकाकडे गेला, आणि मागे आला.

"शेठ, जुळत नाही," तो म्हणाला.

"मग जुळव की. तुझी नोकरी थांबलीय त्यावर."

"नाही जुळवत. आत असं काहीतरी चाललंय, जे माझ्या गणितात नाही. पिस्टन काढून बघू. तोवर ओतकाम नको."

पिस्टन काढला. इंधन जळण्यासाठी त्याच्या माथ्यावर कोरलेल्या वाटीत एका बाजूला ओलसर काळा डाग होता. वाटी कोरतानाच किंचित सरकली होती, आणि त्या बाजूचा इंधनाचा फवारा जळण्याआधी वाटीच्या भिंतीवर आपटत होता. शिष्याने मात्र सगळे फवारे सारखे धरून, कलिंगडाच्या फोडींसारखे पोकळीचे भाग पाडून एकाच फोडीचं गणित केलं होतं, जशी रीत आहे. उरलेल्या फोडी तशाच असणार म्हणून.

कारखानदाराने डागावरून बोट फिरवलं. ते काळं झालं. मग तो बाईंना म्हणाला, "म्हणजे ह्याचं गणित बरोबर म्हणायचं की चूक?"

"त्यालाच विचारा. आता तो खरं सांगेल."

"चूक, शेठ," शिष्य म्हणाला. "म्हणून तर पिस्टन काढला."

कारखानदाराने बोट रुमालाला पुसलं आणि ओतकाम थांबवायचा निरोप धाडला. नोकरीचं तो काही बोलला नाही, जाताना दारातून एवढंच विचारलं, "वाटी नीट कोरून आणली, तर पुन्हा बघशील?"

शिष्याने मान हलवली. भिंतीवरची न जुळलेली रेषा त्याने काढली नाही. बाईंनीही काढायला सांगितली नाही.

प्रत्येक प्रश्नाला जुळणारं उत्तर ज्याच्यापाशी तयार असतं, त्याच्या भरवशावर समुद्रात जाऊ नये.