बंबाच्या तोंडातून सुटलेली मोटार

वस्तू बोलायच्या आणि माणसं ऐकून घ्यायची, तेव्हाची गोष्ट. दाजीबा इंगवल्यांच्या गोठ्यात सागवानी अंगाची एक जुनी मोटार होती. तिला बघायला गिऱ्हाईक येणार होतं. दाजीबा म्हणाले, “घेतली तर बरं, नाहीतर फळ्या फोडून बंबात घालीन.”

पाणी तापवायचा बंब तोंड वासून म्हणाला, “ये गं बाई, सावकाश ये.”

मोटार लटलट कापली. तेवढ्यात रंगाचा डबा म्हणाला, “पोरगी दाखवायची, अन् पावडर नको? लावा मला!” दाजीबांना पटलं. पण डावी बाजू झाली आणि डब्याचा तळ लागला.

गिऱ्हाईक आलं. डावीकडे बघून त्यानं कपाळाला हात लावला. “अरेरे, हे काय थापलंत?” बंब खुशीत खदखदला. मग माणूस उजवीकडे गेला. तिथं वासरानं चाटून गुळगुळीत केलेलं दार जसंच्या तसं होतं. तो हरखलाच. “इतकी वर्षं मूळ लाकडाला कुणी हात लावला नाही, म्हणून तर आलो! पुरी किंमत देतो, पण ती पावडर तुम्हीच पुसा.”

दाजीबा आठ दिवस रंग खरवडत बसले. बंबाला जळण म्हणून मिळाला नुसता ब्रशचा दांडा.