चार बोटं गवत

फार पूर्वीची गोष्ट. एका राजाच्या वाड्यात एक माळी होता. हाताचा मोठा कसबी, पण तेच काम पुन्हा पुन्हा करायचं म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची.

वाड्यामागे गवताचं एक हिरवंगार अंगण होतं. राजाची बहीण फार लवकर देवाघरी गेली. ते गवत तिनं स्वतः लावलेलं. राजाच्या म्हाताऱ्या आईला आता दिसत नव्हतं. रोज सकाळी ती त्या गवतावर अनवाणी फिरायची. लेकीचं तेवढंच तिच्यापाशी उरलं होतं.

"चार बोटं उंची ठेव बाबा," ती माळ्याला सांगायची. "त्याच्या खाली विळा नेऊ नकोस."

म्हणजे दर आठवड्याला कापणी आलीच!

वैशाखात माळ्याला मुलीच्या गावी जत्रेला जायचं होतं. त्यानं विळ्याला धार लावली आणि गवत पार जमिनीलगत खरडायला घेतलं.

"अहो, हे काय करताय?" बायको म्हणाली. "एवढं ऊन पडतंय, मुळांना सावली नको?"

"एकदा खरडून टाकलं की महिनाभर बघायला नको. तू फक्त पाणी घाल."

बिचारी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिली. पण उघडी माती तापायची, पाणी बघता बघता आटायचं, आणि मुळांना पोसायला वर पातं उरलंच नव्हतं. माळी परतला तेव्हा अंगण करपून गेलं होतं.

म्हातारी कडेला बसून मातीवरून हात फिरवत होती. ती रोज अशीच येऊन बसते, असं बायकोनं सांगितलं.

"आलास का रे? माझ्या लेकीचं गवत कुठं गेलं?"

यंदा ऊनच फार, असं म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण तिचे मातीनं माखलेले हात बघून त्याला खोटं बोलवेना.

"आईसाहेब, माझ्या आळसानं घालवलं ते."

म्हातारीनं हातांची माती झटकली. मग तिनं विचारलं, "पुन्हा येईल?"

"मुळं जिवंत असतील तर पावसाळ्यात येईल."

"तोवर मी असेन का रे?"

माळी घागर घेऊन त्या मातीला पाणी घालू लागला.

पाऊस आला. इथंतिथं कोंब फुटले. माळ्यानं जिवापाड जपलं, वेळच्या वेळी बेतानं कापलं, आणि दिवाळीपर्यंत अंगण पुन्हा भरलं. पण त्यावर चालायला आईसाहेब राहिल्या नव्हत्या.

तात्पर्य: जे जपायला दिलंय, त्याला आपल्या सोयीचं माप लावू नये. चूक पुढे सुधारता येते, पण ज्याच्यासाठी सुधारायची तो माणूस तोवर थांबेलच असं नाही.