पांढरी खीर

“ते सगळं ठीक आहे. पण निघताना काय खाल्लंस?”

बोलता बोलता पद्माकरपंत जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती ओलांडून चौथ्या अवस्थेपर्यंत पोचले होते. तिथून बुवांनी त्यांना ओढून थेट न्याहारीला आणून बसवलं.

“कुठून निघताना, बुवा?”

“घरून. ज्या सकाळी इकडे यायला निघालास, त्या सकाळी.”

पंत आठवू लागले. उपनिषदातलं कुठलंही वचन विचारा, ते झोपेतही सांगतील. पण हे…

“खीर होती बहुतेक.”

“कशाची?”

“…पांढरी.”

आबाबुवा हसले नाहीत. उलट जरा पुढे सरकून बसले. वय नव्वदीकडे झुकलेलं, दात कधीच निघून गेलेले. पण नवं काही कानावर पडलं की ते ऐकून घेतल्याशिवाय म्हाताऱ्याला चैन पडत नसे.

“पांढरी खीर,” ते स्वतःशीच म्हणाले. “आंबेमोहोराची असते, शेवयांची असते, दुधीची असते. पांढरी कशी असते रे?”

पंतांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चाळीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाला हे विचारायचं?

वेंगुर्ल्याच्या अलीकडे, खाडीकाठच्या टेकडीवर बुवांचा मठ. मठ म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि मागे स्वयंपाकघर. बुवा दीक्षा देत ती फक्त अक्षय्य तृतीयेला. तो दिवस हुकला तर पुढच्या वर्षी या. आणि तिथली एक रीत होती. दीक्षा घेणाऱ्याने घरून निघताना जे खाल्लं, ते स्वतःच्या हाताने करून बुवांना वाढायचं. मग तो पदार्थ जन्मात पुन्हा तोंडात घालायचा नाही. कोणी पिठलं करून गेला होता, कोणी खिचडी. एकाने शिळी भाकरी कुस्करून दिली होती, बुवांनी ती मिटक्या मारत खाल्ली होती.

अक्षय्य तृतीया परवावर आली होती.

पंतांना ही रीत पोरकट वाटली, पण बोलायची सोय नव्हती. कोल्हापुरात त्यांचा निरोपसमारंभ झाला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. अध्यक्षांनी त्यांना चक्क याज्ञवल्क्याच्या रांगेत बसवलं होतं. आता दीक्षा न घेता परत जायचं म्हणजे त्याच गल्लीतून, त्याच लोकांसमोरून, पिशवी घेऊन भाजीला जायचं. त्या विचारानेच त्यांना घाम फुटे.

“बायकोचं काय म्हणणं होतं?” बुवांनी विचारलं.

“तिची संमती आहे.”

“म्हणाली काय?”

“‘बरं’ म्हणाली.”

“आणि?”

“आणि… ‘हे खाऊन जा’ म्हणाली.”

“बघ,” बुवा म्हणाले. “मग तेच कर.”

स्वयंपाकघरात शेवंताबाई होत्या. मठाची चूल त्यांच्या हातात होती आणि तिथे त्या बुवांचंही चालू देत नसत. पंतांनी त्यांना खुणा सांगितल्या. गार असतं, पांढरं असतं, त्यात काळे बारीक दाणे असतात. दाण्यांभोवती बुळबुळीत काहीतरी असतं आणि वर फळांचे तुकडे.

“सब्जा असतलो तो, दुसरा काय!” शेवंताबाईंनी डबा पुढे सरकवला. उन्हाळ्यात सरबतात घालायला तो घरात असायचाच.

पंतांना हायसं वाटलं. त्यांनी गाईच्या घट्ट दुधात मूठभर सब्जा टाकला, साखर टाकली, एक पिकलेला अननस चिरून टाकला आणि सगळं फ्रिजमध्ये सारून ते गीताभाष्य वाचायला निघून गेले. एवढंसं काम, त्याचा बाऊ कशाला करायचा?

संध्याकाळी वाटी बुवांच्या पुढे ठेवली.

दूध फाटल्यासारखं झालं होतं. सब्जा नीट फुललाच नव्हता. निम्मा वर तरंगत होता, निम्मा तळाशी खड्यासारखा बसला होता.

बुवांनी एक चमचा तोंडात घेतला. बराच वेळ घोळवला.

“कडू आहे.”

“कडू?”

“चांगलं कडू आहे. घरीही कडूच असतं का?” बुवांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“नसावं,” पंत म्हणाले.

“नसावं?”

“…नसतंच. कडू असतं तर माझ्या लक्षात आलं असतं.”

“हां. म्हणजे कडू असतं तर लक्षात आलं असतं.” बुवांनी हे एकदा म्हणून पाहिलं, मग मान डोलावली. “मग आता विचारणार कोणाला?”

इथे आल्या दिवशीच पंतांनी आपला मोबाइल बुवांच्या पायांवर ठेवला होता. संसाराचा शेवटचा धागा, असं काहीसं त्या वेळी ते म्हणालेही होते.

बुवांनी आसनाखाली हात घातला आणि मोबाइल काढून पुढे केला.

“चार्ज करून ठेवलाय,” ते म्हणाले.

पंत तो घेऊन पडवीत आले. काय म्हणून बोलायचं? घर सोडलं म्हणून सांगून आलेला माणूस खिरीसाठी फोन करतो? एवढं लाजिरवाणं त्यांना आयुष्यात काही वाटलं नव्हतं.

“हॅलो,” त्यांच्या बायकोचा, सुनीतीबाईंचा आवाज आला.

“मी बोलतोय.”

“हं.”

“ते तू… सकाळी करायचीस ना. पांढरं.”

“पुडिंग? चियाचं?”

चिया. या नावाची वस्तू आपल्या घरात होती, हे पंतांना खाडीकाठच्या पडवीत उभं राहून कळत होतं.

“ते कसं करतेस?”

“तुम्हाला कशाला?”

“मठात करायचंय. मलाच.”

मग सुनीतीबाई सांगू लागल्या, शेजारणीला सांगावं तसं सरळ.

“नारळाचं दाट दूध घ्या. गाईचं नको, ते तुम्हाला सोसत नाही. वाटीभर दुधाला दोन चमचे चिया. टाकल्या टाकल्या ढवळायचं, मग जरा वेळाने पुन्हा ढवळायचं. नाहीतर तळाशी गोळा होतो आणि मग तो काही केल्या सुटत नाही. मी ओटा पुसून झाला की ढवळते.”

“म्हणजे रात्री?”

“रात्रीच. त्याशिवाय सकाळी कसं होईल?”

रात्री स्वयंपाकघरात चमच्याचा आवाज येई, हे पंतांना आठवलं. वाचनात व्यत्यय येतो म्हणून ते उठून खोलीचं दार लावून घेत असत.

“आणि अननस?”

“कच्चा घातलात की काय? तो दुधात कडू होतो. गुळात जरा शिजवून, गार करून घालायचा. आंबा मात्र सकाळी, वरून. पिकलेली पपई मिळाली तर तीही.”

“कधीपासून करतेस हे?”

“दिवाळीपासून. तुमचं पोट बिघडलं होतं ना. डॉक्टर म्हणाले, बिया भिजवून देत जा. नुसत्या तुम्ही खाल्ल्या नसत्यात, म्हणून हे असं.”

“रोज?”

“रोज.”

पंतांचं पोट दिवाळीनंतर झकास झालं होतं. ते श्रेय त्यांनी कपालभातीला दिलं होतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी कपालभाती शिकवलीही होती.

“आणखी काही विचारायचंय?” सुनीतीबाईंनी विचारलं.

“…नाही.”

“ठेवू?”

“ठेव.”

परत कधी येणार, असं ती विचारेल, असं पंतांना वाटलं होतं. त्याचं उत्तर त्यांनी तयारही ठेवलं होतं, एका श्लोकासकट. तिने विचारलंच नाही. त्यांना वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

आत बुवा वाटच पाहत होते.

“काय म्हणाली?”

“कृती सांगितली.”

“सांग की मग.”

पंतांनी सांगितली. बुवा मध्येच थांबवत. गोळा का होतो? पुन्हा ढवळायचं ते किती वेळाने? ओटा पुसून झाल्यावर? मग ओटा पुसायला किती वेळ लागतो? पंतांना यातलं काहीच सांगता येईना.

“ओटा तू पुसला नाहीस कधी?”

“…नाही.”

“उद्या पूस,” बुवा म्हणाले. “मग कळेल, कधी ढवळायचं.”

दुसऱ्या दिवशी पंत एस.टी.ने बाजारात गेले. सुक्या मेव्याच्या दुकानात चिया मिळाली. राखाडी, काळी, ठिपक्याठिपक्यांची, राईपेक्षाही बारीक. हातावर घेतली तर घरंगळून बोटांच्या फटीतून निघून गेली.

“डाएटवर आहात वाटतं?” दुकानदाराने विचारलं.

“दीक्षा घेतोय,” पंत म्हणाले.

दुकानदाराने मान हलवून पुडी बांधली. त्याला दोन्ही सारखंच.

त्या संध्याकाळी पंतांनी नारळ फोडला, खवला, वाटला आणि फडक्यात पिळला. खवणीवर अंगठा कापून घेतला. अननस गुळात शिजवताना खाली लागला. शेवंताबाईंनी तोंड वाकडं करून तो ओतून टाकला आणि दुसरा पुढ्यात ठेवला. मदत मात्र केली नाही. रीतच तशी होती.

मग पंतांनी काचेच्या भांड्यात दूध ओतलं, चिया टाकली आणि ढवळली. ओटा पुसायला घेतला. पुसता पुसता त्यांचं लक्ष पुन्हा पुन्हा भांड्याकडे जाऊ लागलं. काचेला चिकटलेल्या एकेका दाण्याभोवती पारदर्शक कडं धरत होतं. आधी होतं की नव्हतं अशी शंका यावी, इतकं पातळ. मग स्पष्ट. पंत वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. कोणी न सांगता, न शिकवता तो एवढासा दाणा भोवतालचं दूध स्वतःकडे ओढून धरत होता.

ओटा पुसून झाला. तळाशी गोळा धरायला लागलाच होता. त्यांनी ढवळलं, तो सुटला. त्यांना इतका आनंद झाला की सांगायला कोणीतरी हवं होतं.

त्या दिवशी संध्याकाळचा जप राहून गेला, हे त्यांच्या लक्षात आलं ते अंथरुणावर पडल्यावर.

सकाळी भांडं तिरकं केलं तर आतलं हललं नाही. पंतांनी एका वाटीत ते काढलं, वर अननस घातला, हापूस चिरून घातला. पपईच्या फोडी घातल्या. इतकी देखणी वाटी त्यांनी उभ्या जन्मात भरली नव्हती.

पडवीत माणसं जमू लागली होती. पाटावर भगवी छाटी घडी करून ठेवलेली. कोल्हापूरहून निरोपसमारंभाचे अध्यक्षही गाडी करून आले होते.

पंतांनी बुवांच्या पुढे वाटी ठेवली आणि हात जोडून उभे राहिले.

बुवांनी चमचा भरून घेतला. दात नसलेल्या तोंडाला ते फारच मानवलं. दुसरा घेतला. तिसरा घेतला. एक दाणा जिभेच्या टोकावर आणून बोटावर घेतला, उजेडात धरून पाहिला आणि परत तोंडात टाकला.

“वा!” ते म्हणाले. “हे रोज खायचास तू?”

“रोज.”

“आणि पांढरी खीर म्हणालास?”

पंतांनी मान खाली घातली. खरंच लाज वाटली त्यांना. पण ती वाटी निम्मी झाली होती, बुवा खूश होते, आणि एवढी लाज सोसायला त्यांची तयारी होती.

बुवांनी चमचा त्यांच्या हातात दिला. “घे. शेवटचं.”

पंतांनी खाल्लं. पहिल्यांदाच सावकाश खाल्लं. दूध, आंबा, मग अननसाचा गूळ, आणि जिभेवरून निसटणारे ते दाणे. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

“घरच्यासारखं झालंय?”

“झालंय, बुवा. अगदी तसंच.”

बुवांनी वाटी बोटाने निपटून घेतली. ती पालथी घालून जमिनीवर ठेवली.

पंतांनी पाटावरच्या छाटीकडे पाहिलं. दारातून अध्यक्षांनी मान पुढे काढली.

“रीत पुरी झाली, बुवा. आता…” पंत म्हणाले.

“निम्मी झाली,” बुवा म्हणाले. “हे तुझं झालं. आता त्या सकाळी तिने काय खाल्लं, ते करून आण.”