प्लॉट नंबर नऊचा रंग

मला सांगा मंडळी, भरवसा कुणावर ठेवावा, गोडबोल्यावर की फटकळावर?

चित्रकार सरोजिनी केळुसकर फटकळच. तिच्या प्रदर्शनात बिल्डर इंगवले शेठ आले, तेही नदीकाठच्या प्लॉटची गिऱ्हाइकं घेऊन. 'नदी' नावाच्या चित्रात ना काठ, ना होडी, नुसता तपकिरी लोंढा. शेठ खो खो हसले.

"ही नदी? अहो बाई, नदी निळी असते, आमच्या जाहिरातीत बघा! लोकांना फसवता? उतरवा ते चित्र. हॉल माझा आहे."

सरोजिनीच्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षं खपली होती ती त्या चित्रासाठी.

"उतरवते. पण शेठ, तुमचा निळा कुठला?"

"छापखान्यातला. का?"

"माझा रंग म्हणजे पुराचा गाळ. कडुलिंबाच्या फांदीवरून खरवडून आणला, शिडी लावून. झाड अजून उभं आहे, तुमच्या प्लॉट नंबर नऊमध्ये."

नऊ नंबरचं गिऱ्हाईक पुढे आलं. "शिडी किती फुटी होती, ताई?"

"बारा."

"शेठ," तो माणूस म्हणाला, "चित्र राहू द्या. यादीतलं आमचं नाव खोडा."

तेव्हा बाबांनो, जागा विकाल तर विका, पण पाणी कुठवर चढलं होतं त्याचा हिशेब तेवढा खरा ठेवा.