आजारपणाचा दाखला

“मग मी पात्र कधी ठरणार, तेवढं तरी सांगा, चाचा.”

नूरचाचांनी मागावरून मान वर केली नाही. लोखंडी पंज्याने ते सतरंजीचा धागा ठोकून बसवत होते. कारागृहाच्या विणकाम विभागात एकोणीस वर्षे ते हेच करीत आले होते, आणि गेल्या वर्षापासून उत्तम तायडेला तेच शिकवीत होते.

उत्तम दोन वर्षे कायदा शिकला होता. पुढे भावकीतल्या भांडणात त्याच्या हातून एक माणूस गेला आणि त्याला जन्मठेप लागली. बराकीतल्या सगळ्यांचे अर्ज तोच लिहून देई. म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. त्यात थोडी थट्टा होती. त्याला ती कळत नसे.

“नियम तर तुला पाठ आहेत, वकील.”

“पाठ आहेत. फर्लोच्या रजेला कारण लागत नाही, पण माझी तेवढी वर्षं भरली नाहीत. पॅरोलला कारण लागतं. आईचं आजारपण आहे, डॉक्टरचा दाखला आहे, मामा जामीन राहतोय. तरी अर्ज तीन महिने पडून.” तो थांबला. “तुम्ही जाऊन आलात ना? तुम्ही कसे पात्र ठरलात?”

“दोनदा ठरलो,” चाचा म्हणाले. “एकदा बाप गेला. एकदा बायको.”

“म्हणजे तातडीचा पॅरोल. त्याचं कलम वेगळं.”

चाचांनी पुढचा धागा उचलला.

उत्तमच्या मनात त्याचा पॅरोल केव्हाच सुरू झाला होता. फाट्यावर एसटीतून उतरायचे. बाभळींमधून घरापर्यंत चालायचे. दारात वाकायचे. आत अंधारात खाटेवर आई निजलेली. तिचे पाय चेपायला बसायचे. ती डोळे उघडते, त्याला ओळखते... तिथवर आला की तो पुन्हा फाट्यापासून सुरुवात करी. दिवसातून कितीदा तरी.

दुपारी शिपायाने बहिणीचे पत्र आणून दिले. उत्तमने ते उभ्यानेच वाचले, आणि मग तो खाली बसला.

चाचांचा हात थांबला.

“कोण गेलं?”

“कोणी नाही.”

“मग?”

“आई बरी झाली.” त्याने पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. “आठ दिवस झाले, हिंडतेफिरते म्हणे. भाकऱ्या स्वतः थापते. डॉक्टरांनी औषधही बंद केलंय... आता त्या दाखल्याचा काय उपयोग? अर्ज फेटाळणार.”

चाचा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

उत्तमला स्वतःचे शब्द उशिरा ऐकू आले.

चाचा गुडघ्यांवर हात टेकून उठले. खुंटीवरच्या पिशवीतून त्यांनी कागदात बांधलेला गुळाचा खडा काढला. ईदसाठी कॅन्टीनमधून घेऊन त्यांनी तो राखून ठेवला होता. त्यांनी तो पंज्याने फोडला आणि प्रत्येक मागापाशी जाऊन एकेक तुकडा दिला.

“वकिलाची आई बरी झाली.”

“म्हणजे पॅरोल बुडाला म्हणायचा,” पलीकडच्या मागावरचा हणमंत हसत म्हणाला.

“तू खा.”

हणमंतने तुकडा तोंडात टाकला. मग तो हसला नाही. “बरं झालं, वकील,” तो हळूच म्हणाला.

शेवटचा तुकडा चाचांनी उत्तमच्या तळहातावर ठेवला. त्याने मूठ मिटली.

आईला उभी पाहायचा त्याने प्रयत्न केला. इतके दिवस ती त्याच्या मनात निजूनच होती. ती लवकर उठेना... मग उठली. पिठाच्या हातांनी दारात आली आणि फाट्याच्या दिशेने पाहत राहिली. वाटेवर कोणी नव्हते.

मुठीत गूळ पाघळू लागला.

“चाचा...” हा आवाज अर्ज लिहिणाऱ्याचा नव्हता. “मी तिला बघणार कधी?”

चाचा मागावर बसले. त्यांनी पंजा हातात घेतला.

“आधी गूळ खा.”