लतीफ बांगीची मुकी साक्ष

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल यायच्या कितीतरी आधी, सांजव्याच्या जामा मशिदीत लतीफ नावाचा बांगी होता. बांगी म्हणजे अजान देणारा. आसपासच्या बारा वाड्यांना मिळून ही एकच मोठी मशीद. जुम्मा तिथे, निकाह तिथे, भांडणाचा निवाडाही तिथेच. ईदचा चांदही तिथूनच जाहीर व्हायचा. दोन भल्या माणसांनी चांद पाहिल्याची साक्ष दिली की काझी नगारा वाजवायला सांगत, आणि दुसऱ्या दिवशी बारा वाड्यांत ईद.

लतीफच्या पायाला भिंगरी होती. नमाजाची वेळ होईपर्यंत बसायचं म्हटलं तरी मशिदीच्या अंगणात त्याच्या येरझाऱ्या चालायच्या. असा माणूस घाई करणारच. एका साली एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी त्याने ढगाची उजळ कड पाहिली आणि म्हणाला, "तो बघा चांद." शेजारी त्याचा मेव्हणा बदरुद्दीन उभा होता. त्याला काहीच दिसत नव्हतं, पण बहिणीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं? भिडेपोटी तो म्हणाला, "होय, दिसला." झाल्या दोन साक्षी. बारा वाड्यांत शेवया शिजल्या, आणि ईदच्याच संध्याकाळी खरा चांद दिसला.

सगळ्यांचा एक रोजा बुडाला. आदम खोताची म्हातारी आई तर तो भरून काढण्याआधीच गेली. आदमने आईच्या नावाने तो रोजा स्वतः धरला आणि लतीफशी बोलणं टाकलं. बाकी सगळे विसरले, पण लतीफला ते विसरता येईना.

पुढच्या साली पुन्हा एकोणतिसावा रोजा आला. मशिदीमागच्या टेकडीवर ही गर्दी. क्षणभर ढग फाटला, लतीफला चांद दिसला, आणि ढग मिटला. दुसऱ्या कुणालाच दिसला नव्हता. एकट्याची साक्ष चालत नाही. गप्प बसावं तर उद्या बारा वाड्या ईदच्या दिवशी रोजा धरणार, आणि ईदला रोजा मना आहे. बोलावं तर पुन्हा कुणीतरी भिडेने होय म्हणणार. दुसऱ्या वाडीत आपणहून चांद बघणारा कुणी मिळेल म्हणून तो ओठ मिटून पळत सुटला.

घाटवाडीत पोचला. "जरा मावळतीकडं बघा," एवढंच तिथल्या माणसांना म्हणाला. बोट दाखवलं नाही.

"काय नाय रे. ढग हायत नुसते."

माळवाडीतही तेच. चांद मावळायला घटकाभर उरली होती आणि पुढच्या वाडीपर्यंत अजून तीन टेकड्या होत्या. तेवढ्या वेळात घोडासुद्धा पोचला नसता. पण त्या संध्याकाळी चांद मावळायचा थांबला होता, असं म्हणतात.

शेवटच्या टेकडीवर आदम खोत गुरं घराकडे वळवत होता. लतीफला पाहताच त्याने तोंड फिरवलं, ते नेमकं मावळतीकडे. लतीफमध्ये बोलायला दमच उरला नव्हता. तो नुसता धापा टाकत उभा राहिला. मग पाठमोरा आदमच बोलला.

"चांद सांगायला आलास ना? तो काय, ताडाच्या डावीकडं. मला कुणी दाखवायला नको."

लतीफ मटकन खाली बसला आणि रडला. "मी पण बघितला," तो म्हणाला. "पण आधी बोलायची छाती नाय झाली."

आदमने त्याला हाताला धरून उठवलं. मशिदीत काझींनी दोघांना वेगवेगळं बसवून चांदाची टोकं कुणीकडे होती ते विचारलं. जबाब जुळले, नगारा वाजला. तेव्हा कुठे चांद मावळला, असं म्हणतात.

आता पूल आहे, चांदाची खबर मोबाईलवर येते. तरी सांजव्यात एकोणतिसाव्या रोजाला माणसं टेकडी चढतात. ज्याला पहिल्यांदा चांद दिसतो तो बोट दाखवत नाही. शेजाऱ्याचा हात धरून गप्प उभा राहतो, शेजाऱ्याला आपसूक दिसेपर्यंत. याला तिथे लतीफ धरणं म्हणतात. आणि शेजारी कोण असावा, याचाही रिवाज आहे. ज्याच्याशी वर्षभर बोलणं टाकलंय, त्याच्याच बाजूला जाऊन उभं राहायचं.