घाईवर आलेला माठ

मडकी माणसांपेक्षा जास्त आणि खरं बोलत, त्या काळची गोष्ट. कुंभाराने कच्च्या मडक्यांचा आवा रचला, वरून फुटक्या खापरांनी झाकला आणि खालून आग लावली. मधोमध बसलेल्या नव्या माठाला उद्याच्या बाजारात लालबुंद होऊन मिरवायचं होतं, आणि आग तर नुसती धुमसत होती.

"अगं ए बये, झोपलीस का? भडक की!" तो ओरडला.

"तुझ्या अंगात अजून ओल आहे, बाबा," आग म्हणाली. "आधी ती हळूहळू जाऊ दे."

"ओल? आठ दिवस उन्हात वाळलोय मी! कामचुकारपणाला कारणं सांगू नकोस!"

वरचं एक खापर खो खो हसलं. "अगदी हेच शब्द होते त्याचे!"

"कोणाचे?"

"मागच्या आव्यातल्या रांजणाचे. आग बिचारी भोळी, लगेच भडकली. आतल्या ओलीची वाफ झाली आणि धडाम!"

"मग रांजणाचं काय झालं?"

"काय होणार? तुझ्या डोक्यावर बसून बोलतोय."

माठ खालच्या आवाजात म्हणाला, "आगताई, तुमचं सावकाश चालू द्या. बाजार काय, पुढच्या आठवड्यातही भरतो."